वळचणीची फट बुजवू की नको? फोमचे डबे उघडायच्या आधी थोडं थांबा

प्रश्न थोडक्यात असा: एका ताईंनी घरामागे पत्र्याची शेड बांधून घेतलीय, त्यात त्यांचं शिवणकामाचं वर्कशॉप चालतं. भिंती पण पत्र्याच्या, छप्पर पण पत्र्याचं. छपराचा पत्रा भिंतीवर टेकतो तिथे वळचणीला, पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्याखाली दोन बोटं जातील एवढी फट राहिलीय. दिवसा गांधीलमाश्या आत फिरतात, संध्याकाळी दिवे लागले की पाखरं नि किडे कापडावर पडतात, पांढऱ्या कापडाला डाग लागतात. कामाला येणाऱ्या एकीला माशी चावली, ती आता यायला कां-कू करते. धाकट्या भावाने स्प्रे फोमचे डबे आणून ठेवलेत, म्हणतो एका दिवसात सगळं बुजवून टाकू. फॅब्रिकेटर म्हणतो पत्र्याला एवढी फट राहतेच, काही होत नाही. त्याचे थोडे पैसे द्यायचे बाकी आहेत. ताई विचारतात, भावाचं ऐकू का, आणि फॅब्रिकेटरने काम नीट केलं नाही म्हणून पैसे अडवून धरू का?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. फट कशाने बुजवायची ते तुम्ही विचारलंय, पण ती बुजवायचीच हे मात्र आधीच ठरवून टाकलंय. किडे येतात, फट दिसते, म्हणजे किडे फटीतूनच येतात, असं तुम्ही धरून चाललाय आणि यात तुमचं काही चुकतंय असं नाही, मशीनवर बसून मान वर केली की तीच फट दिसणार ना. पण शेडमध्ये शिरायला किड्यांना अजून बऱ्याच वाटा असतात ज्या मान वर करून दिसत नाहीत.

म्हणून आधी एक फुकटचं काम करा. भर दुपारी शटर, खिडक्या सगळं लावून घ्या, दिवे बंद करा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत आत नुसत्या उभ्या राहा. जिथून उजेड येतोय तिथून किडा येऊ शकतो. वळचण तर चमकेलच, पण शटरच्या दोन्ही बाजूच्या पट्ट्यांपाशी बघा, शटरच्या वर गुंडाळी असते तिथे बघा, खिडकीची चौकट पत्र्यात बसवलीय तिच्या कडेने बघा, वायर आत घेतली त्या भोकापाशी बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाली बघा. भिंतीचा पत्रा जोत्यावर जिथे येतो तिथे त्याच उंचवट्यांच्या तशाच फटी असतात, वरच्याइतक्याच मोठ्या, फक्त त्या कापडाच्या गठ्ठ्यामागे नाहीतर टेबलाखाली लपलेल्या असतात. मुंग्या, झुरळं, रातकिडे खालूनच येतात. उंदराच्या पिल्लाला तर ६ मिलिमीटरची फट पुरते, तुमच्या फटीत दोन बोटं जातात म्हणजे विचार करा. वरची फट बुजवून खालची तशीच ठेवली तर महिन्याभरात तुम्ही मलाच पुन्हा लिहाल की सगळं केलं तरी किडे येतातच.

दुसरं, कोण येतंय ते ओळखा. तुम्ही सरसकट किडे म्हणता पण दिवसा येणारे नि रात्री येणारे यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, दोघांचा उपाय पण वेगळा. दिवसाच्या गांधीलमाश्यांसाठी शेडच्या बाहेर लांब उभं राहून थोडा वेळ वळचणीकडे बघा. माश्या एकाच फटीतून सारख्या आत-बाहेर करत असतील तर तिथे पोळं आहे, आणि त्या फटीला हातसुद्धा लावायचा नाही. बाहेरून बुजवलं तर आतल्या माश्या दुसरी वाट शोधतात आणि ती वाट तुमच्या वर्कशॉपमध्ये उघडते. चावणं एकीवर थांबणार नाही मग. पोळं गांधीलमाश्यांचं असेल तर कीड नियंत्रणवाल्याकडून आधी काढून घ्या, मधमाश्यांचं असेल तर त्या न मारता हलवणारी माणसं असतात त्यांना बोलवा. मधाचं पोळं आत ठेवून वरून फट बंद केली तर मध पाझरतो, मुंग्या लागतात आणि वास वेगळाच.

आणि वळचणीला मातीच्या नळ्या किंवा छोटी मडकी चिकटलेली दिसत असतील तर ती कुंभारीण. ती एकटी राहते, कोळी किंवा अळ्या पकडून त्या मातीच्या घरात पिल्लांसाठी भरून ठेवते आणि गांधीलमाश्यांसारखी घरट्यासाठी झुंडीने अंगावर येत नाही. मुद्दाम पकडली तर चावेल, एरवी तिच्या कामात मग्न. तिच्यासाठी घाबरून जाऊ नका, नळी रिकामी झाली की पट्टीने खरवडून टाका. ज्यांना माशी चावली त्या ताईंना मात्र सांगून ठेवा, पुन्हा कधी चावलं आणि चेहरा सुजला, श्वास लागला, अंगभर गांध्या उठल्या तर वाट न बघता सरळ दवाखाना.

आता फटीकडे येऊ, म्हणजे ती फट सध्या तुमच्यासाठी काय काम करतेय त्याकडे. ती वाया गेलेली जागा नाहीये. पत्रा तापतो, आतली हवा गरम होऊन वर जाते, रिजच्या, म्हणजे छपराच्या माथ्याच्या, फटीतून किंवा छपरावर वाऱ्याने फिरणारा पंखा असेल तर त्यातून बाहेर पडते, आणि तिच्या जागी गार हवा वळचणीतून आत येते. हिशोबच करून दाखवते. उंचवटा समजा ३० मिलिमीटर उंच, खाली ६० आणि वर ३० रुंद, तर एका फटीचं क्षेत्रफळ साडेतेरा चौरस सेंटिमीटर होतं. दर २० सेंटिमीटरला एक उंचवटा म्हणजे मीटरला पाच. शेड १० मीटर लांब असेल तर दोन्ही बाजू मिळून साधारण १३५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे सव्वा फूट लांब नि सव्वा फूट रुंद अशी एक खिडकी जी चोवीस तास उघडी असते. भाऊ जे एका दिवसात बुजवणार आहे ते हे आहे. तुमच्या शेडची मापं वेगळी असतील, पण टेप घेऊन मोजाच एकदा, आकडा बघून त्याचाही विचार बदलेल.

शिवणकामाच्या शेडला तर हे जास्तच लागू होतं, कारण तुमच्याकडे वाफेची इस्त्री आहे. दिवसभरात इस्त्रीत जेवढं पाणी ओतता ते सगळं वाफ होऊन शेडच्या हवेतच जातं, वर तीन-चार माणसांचा श्वास आणि घाम. निरभ्र रात्री छपराचा पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो, आतली दमट हवा त्याला लागली की खालच्या बाजूला पाण्याचे थेंब धरतात आणि पहाटे ते टपटप खाली पडतात. लोक म्हणतात छप्पर गळतंय, स्क्रूवर स्क्रू मारतात, डांबर लावतात, आणि पाऊस नसतानाही गळतं कसं म्हणून डोकं धरून बसतात. वळचण पूर्ण बंद केलीत तर तुमच्या पांढऱ्या कापडावर किड्यांचे डाग जाऊन गंजाच्या पाण्याचे डाग येतील, आणि ते धुऊन निघायला जास्त कठीण. मशीनच्या सुया नि कात्र्या गंजायला लागतील ते वेगळंच.

छपरावर तो फिरता पंखा असेल तर अजून एक गंमत. तो हवा ओढणारच, त्याला वळचणीतून मिळाली नाही तर शटरखालून ओढेल, म्हणजे जमिनीवरची धूळ आणि खालचे किडे यांना तुम्ही स्वतः आमंत्रण दिल्यासारखं झालं.

आता त्या फोमच्या डब्यांबद्दल स्पष्टच सांगते, ते डबे वळचणीला वापरू नका. भावाची काळजी खरी आहे, वस्तू चुकीची आहे. स्प्रे फोमला ऊन सहन होत नाही, उघड्यावर तो पिवळा पडतो, मग भुगा व्हायला लागतो. त्यात पत्रा रोज हलतो. स्टील तापल्यावर वाढतं, १० मीटर लांब पत्रा आणि रात्री-दुपारचा पत्र्याच्या तापमानातला फरक ४० अंश धरला तर साधारण ५ मिलिमीटरने लांबी बदलते, आणि वळचण म्हणजे पत्र्याचं मोकळं टोक, ही हालचाल तिथेच दिसते. कडक झालेला फोम त्या हालचालीत सुटतो, मध्ये केसाएवढी भेग पडते, भेगेत पाणी शिरून पत्र्याला चिकटून बसतं आणि नेमकं तिथेच गंज धरतो. मुंग्यांना तर तो पोखरून घर करायला फार आवडतो, उंदीर कुरतडतो. आणि चिकटला की काढायला रंगाची साल घेऊनच निघतो. या सगळ्याच्या वर, तुमच्या शेडमध्ये कापड आहे, चिंध्या आहेत, गरम इस्त्री आहे, आणि डब्यातला हा पॉलियुरेथेन फोम पेटला तर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू सोडतो. एवढ्या कारणानेच मी नाही म्हणेन.

मग करायचं काय? शेडला हवा यायला दुसरी सोय आहे का यावर ते ठरेल.

दोन्ही टोकांच्या भिंतींवर वरती झरोक्यासारखी जाळीची खिडकी असेल, किंवा तुम्ही ती करून घेणार असाल, तर वळचण बंद करायला हरकत नाही आणि त्यासाठी पत्र्याच्या आकाराच्या तयार फोमच्या पट्ट्या मिळतात, फोम फिलर किंवा क्लोजर म्हणतात त्यांना. हा डब्यातला फोम नव्हे, बंद पेशींचा पॉलिथिलीन किंवा ईपीडीएम रबराचा असतो, दाबला की दबतो आणि सोडला की परत फुगतो, त्यामुळे पत्रा हलला तरी तो सोबत हलतो. पॉलिथिलीनही जळतं हे खरं, म्हणून इस्त्री टेबलाच्या थेट वर तो न लावता तिथे जाळीच लावा, आणि जवळपास वेल्डिंग करायचं असेल तर ते आधी उरकून घ्या. विकत घेताना लोक दोन ठिकाणी फसतात. एक म्हणजे वळचणीला पत्र्याच्या खाली बसणारी पट्टी लागते आणि रिजला पत्र्याच्या वर, माथा झाकणाऱ्या कॅपच्या खाली बसणारी, दोघींचे आकार एकमेकींच्या उलटे, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. दुसरं म्हणजे पत्रे सगळे सारखेच दिसतात पण उंचवट्यांमधलं अंतर नि उंची कंपनीगणिक बदलते. तोंडी माप सांगू नका. जाड पुठ्ठा पत्र्याच्या टोकाला धरून पेन्सिलीने आकार उतरवून घ्या, कापून एकदा बसवून बघा आणि तोच पुठ्ठा घेऊन खरेदीला जा. पेपर पॅटर्न काढणाऱ्या बाईला हे मी काय सांगणार!

आधीच बसलेल्या छपराला ही पट्टी घालायची तर वळचणीच्या शेवटच्या ओळीचे स्क्रू फक्त सैल करायचे, पत्रा किंचित उचलायचा, पट्टी सरकवायची आणि परत कसायचं. सगळ्या ओळी एकदम उघडायच्या नाहीत, वारा आला तर पत्रा उडतो. जुनं भोक मोठं झालं असेल तर एक नंबर जाड स्क्रू, नवीन रबरी वॉशरसकट. पट्टी भिंतीच्या रेषेत बसली पाहिजे, बाहेर पन्हळीवर लोंबणाऱ्या टोकाला नको. पत्र्याखालून ओघळणारं पाणी त्या टोकाने बाहेर पडतं, तिथे बूच मारलं तर ते उलटं आत वळेल.

हवेची दुसरी सोय नसेल तर वळचण बंद करू नका, जाळी मारा. तुमच्या वर्णनावरून मला तुमची शेड याच प्रकारातली वाटते. गांधीलमाशी, मधमाशी अडवायला ३ मिलिमीटर भोकाची जाळी पुरते, पण तुम्हाला संध्याकाळची पाखरंही नकोत म्हणून खिडकीला लावतो ती डासांची जाळी, साधारण सव्वा मिलिमीटर भोकाची. अगदी बारीक चिलटं तीतूनही येतात, त्यांना जाळीने अडवायच्या नादी लागू नका. जाळी ॲल्युमिनियमची, फायबरची किंवा जीआयची (जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडाची) घ्या. तांब्याची अजिबात नको, तांबं आणि पत्र्यावरचा जस्ताचा लेप एकमेकांना लागून ओले झाले की लेप खाऊन टाकला जातो. भांडी घासायच्या तारेचे गोळे फटीत कोंबायची पण एक पद्धत आहे, साधी तार असेल तर एका पावसाळ्यात गंजून खाली पत्र्यावर लाल ओघळ येतात.

बसवायची सोपी रीत म्हणजे आतल्या बाजूने पूर्ण लांबीची जाळीची पट्टी, खालची कड भिंतीच्या वरच्या अँगलला चपटी पट्टी ठेवून स्क्रूने पकडायची आणि वरची कड पत्र्याच्या आकाराने कापून किंचित दुमडून पत्र्याला सीलंटने टेकवायची. तेवढा वेळ नसेल तर जाळीची घट्ट सुरळी करून एकेका फटीत दाबून बसवायची, तीही स्प्रिंगसारखी धरून राहते, फक्त सुटू नये म्हणून दोन बाजूंना सीलंटचा ठिपका. एक लक्षात ठेवा, बारीक जाळीत बरीचशी जागा तारच अडवते, म्हणजे तुमची सव्वा फुटाची खिडकी लहान झाली. ती भरून काढायला टोकाच्या भिंतीत उंचावर एक जाळीची खिडकी वाढवा. आणि शिवणकामातला भुसा, दोऱ्याचे तंतू त्या जाळीत अडकून महिन्या-दोन महिन्यांत गोधडी तयार होते, तेव्हा लांब दांड्याच्या ब्रशचा हात फिरवायचं काम कुणाकडे तरी नेमून द्या, नाहीतर सहा महिन्यांनी जाळी आहे पण हवा नाही अशी गत होईल.

सीलंटबद्दल एकच. नळी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन पत्र्याला वापरू नका, त्यातलं आम्ल जस्ताच्या लेपाला खातं. नळीवर न्यूट्रल लिहिलेलं बघून घ्या. पत्र्यावर पत्रा चढतो तिथे किंवा फ्लॅशिंगखाली (जोड झाकायला लावतात त्या दुमडलेल्या पत्र्याच्या पट्टीखाली) ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, उत्तम, ती मऊच राहते.

आणि हे सगळं शिडीवर उभं राहून करायचं, छपरावर चढून नाही. उजेडासाठी मध्ये पारदर्शक प्लास्टिकचे पत्रे टाकलेले असतील तर त्यावर पाय पडला की माणूस सरळ खाली येतो. भावाला हे जरा जोरात सांगा. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाची शेड जुन्या सिमेंटच्या पत्र्याची असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, तिथे ड्रिल मारणं, घासणं, तोडणं काहीच स्वतः करू नका.

रात्रीच्या पाखरांचं अर्धं उत्तर दिव्यात आहे. किड्यांना पांढरा-निळसर प्रकाश जास्त ओढतो, पिवळट कमी. आत तुम्हाला रंग जुळवायला पांढरा दिवा लागणारच, तो बदला असं मी म्हणणार नाही. पण शटरच्या डोक्यावर बाहेरचा दिवा असेल तर तो काढून थोडा लांब खांबावर लावा, पिवळा लावा, आणि प्रकाश शेडकडे नको, वाटेकडे वळवा. दारातच दिवा म्हणजे सगळा थवा आधी तिथे जमतो आणि कुणी आत-बाहेर केलं की सोबत आत येतो, मग वळचण कितीही बंद असो. अंधार पडायच्या आधी शटर अर्धं खाली, दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा, एवढ्याने बराच फरक पडेल. पाऊस सुरू झाल्यावर पंखवाली वाळवी येते तेव्हा दुसऱ्या दिवशी पंखांचे ढीग कुठे पडतात बघा. दिव्याखाली असतील तर बाहेरून आली, पण एखाद्या लाकडी मांडणीच्या पायाशी किंवा भिंतीच्या भेगेशी असतील तर ती आतूनच निघतेय, आणि मग तो वेगळा प्रश्न आहे, वळचणीचा नाही.

राहिला फॅब्रिकेटर. मला नाही वाटत त्याने फसवलंय. उंचवट्याखाली फट राहणं हा पत्र्याच्या आकाराचाच भाग आहे, फिलर पट्टी ही वेगळी वस्तू आहे आणि बऱ्याचदा कोटेशनमध्ये वेगळी लिहिलेली असते. तुमचा कागद काढून बघा. त्यात फिलर लिहिला असेल नि लावला नसेल तर पैसे थांबवायला तुमच्याकडे कारण आहे. लिहिलाच नसेल तर त्या फटीवरून पैसे अडवणं बरोबर नाही. पण त्या दुपारच्या अंधारात तुम्हाला सपाट जागेत उजेड दिसला, म्हणजे दोन पत्र्यांच्या जोडावर, फ्लॅशिंगच्या कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीला, तर ते मात्र त्याचं काम आहे आणि ते त्याने पदरच्या खर्चाने करून द्यायला हवं. त्या जागांवर खडूने खुणा करा, फोटो काढा, मग त्याला बोलवा. "काही होत नाही" म्हणाला तर त्याला शेडमध्ये उभं करून शटर लावा आणि खुणा दाखवा. ते स्क्रू सैल करायचं काम त्याच्याच माणसाकडून करून घेता आलं तर अजून बरं, उद्या पत्रा गळला तर तुम्ही हात लावला म्हणून गळला असं म्हणायला जागा नको. बाकीचे पैसे त्या कामाच्या दिवशी द्यायचे असं आधीच बोलून ठेवा.

आणि फोमचे डबे फोडले नसतील तर भावाला परत करायला सांगा. एखादा ठेवायचाच असेल तर वायर किंवा पाइप आत येतो त्या भोकाला, आतल्या बाजूने, उन्हापासून आणि इस्त्रीपासून लांब, हातमोजे घालून नि शटर उघडं ठेवून वापरू दे.